बांगडीवाल्याची फटफटी

मोहफुलं पडायला लागली की मला पेट्रोलमध्ये मिसळलेल्या ऑइलचा वास येतो. हे ऐकून कुणीही हसेल. मोहाला स्वतःचा वास काय कमी आहे? गोड, जड, दुपारच्या उन्हात डोकं धरायला लावणारा. पण माझ्या नाकात हे दोन वास एकदा शेजारी बसले ते बसलेच. पंचवीसएक वर्षं होऊन गेली, अजून उठायला तयार नाहीत.

आता आम्ही भद्रावतीला असतो. आमच्या घरामागे, कॉलनीच्या भिंतीपलीकडे मोहाचं एक झाड उरलंय. परवा सकाळी त्याच्याखाली दोन बाया टोपल्या घेऊन वाकलेल्या दिसल्या, आणि त्याच वेळी शेजारच्या निखिलने त्याची मोटारसायकल सुरू केली. निखिल बँकेत आहे, आणि हौशी आहे. कुठून कुठून फिरून त्यानं एक जुनी दोन स्ट्रोकची गाडी विकत आणलीय, तिला रंग दिलाय, टाकी आरशासारखी घासलीय. किक मारल्यावर गाडीनं निळा धूर सोडला, दोनदा खोकली आणि बंद पडली. मी अंगणातूनच विचारलं, "निखिल, प्लग काळा पडतो का रे?"

तो बघतच राहिला. "काकू, तुम्हाला काय माहीत?"

आमचे हे, विलास, आतून ओरडले, "तिले नोको विचारू रे बावा, दुपार होईन!"

विलासचं खरं आहे. दुपार होते.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी अहेरीच्या पुढे, भामरागडच्या रस्त्यावरच्या एका आरोग्य उपकेंद्रात नर्स होते. माझ्याकडे नऊ गावं होती. गावं म्हणजे काय, कुठं पंधरा घरं, कुठं सात. मुख्य रस्त्यावरून दिवसातून एक एसटी जायची आणि तीच परत यायची. रस्ता सोडून आत शिरलं की पायवाट, वाळूचे नाले आणि सागाची वाजणारी वाळकी पानं. विलास भद्रावतीच्या कारखान्यात, मी इकडे. ते महिन्यातून एकदा यायचे, मी महिन्यातून एकदा जायची. मी अहेरीत एक खोली घेऊन राहत होते आणि दोन वर्षं सायकलवरून गावं करत होते. लशींची बर्फाची पेटी मागे बांधायची आणि निघायचं. मार्च उजाडला की तिसऱ्या गावाला पोचेपर्यंत पेटीतल्या बर्फाचं पाणी व्हायचं. मग लस तशीच परत आणायची, कारण गरम झालेली लस टोचून उपयोग नसतो. पावसाळ्यात तर भामरागडकडचा रस्ता बंदच. म्हणजे जे काही करायचं ते पावसाच्या आत. त्या वर्षी दोन गावांत गोवर येऊन गेला होता. त्याबद्दल मी फार लिहिणार नाही. एवढंच सांगते की एका सकाळी मी सायकल दवाखान्याच्या भिंतीला लावली आणि ठरवलं, आता ही पुरे.

हमीदभाई बांगडीवाले आपली फटफटी विकताहेत, असं मला एसटी स्टँडवर कळलं.

हमीदभाईंना त्या भागात कोण ओळखत नव्हतं? तीस वर्षं त्यांनी आठवडी बाजार केले होते. बाजार संपला की आतली गावं. मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी लाकडी पेट्या, पेट्यांमध्ये गवताच्या थरात बांगड्या, मागे बायको जुबेदाबी, आणि तिच्या मांडीवर लाखेच्या बांगड्यांची तिसरी पेटी. पण त्या हिवाळ्यात ते एका उभ्या बैलगाडीला जाऊन धडकले. चंद्रपूरच्या डॉक्टरनं डोळे तपासून काचबिंदू सांगितला. समोरचं दिसत होतं, बाजूचं जवळजवळ गेलं होतं, आणि राहिलेलंही हळूहळू जाणार होतं. गाडी चालवायची नाही, असं डॉक्टरनं बजावलं.

मी गेले तेव्हा गाडी अंगणात कडुलिंबाखाली उभी होती. टाकीवरचं कंपनीचं नाव घासून घासून पुसलं गेलेलं. सीटला एका बाजूला ठिगळ. दोन सायलेन्सर, त्यातला एक तारेनं बांधलेला. खरं सांगते, मला ती म्हातारी म्हैस बसल्यासारखी दिसली. आणि हमीदभाई खाटेवर बसून तिच्याकडे असं बघत होते की मी विचारायचं तेच विसरले.

"बोला सिस्टर. कोनासाठी पाह्यजे?"

"माझ्यासाठी."

"चालवन कोन?"

"मीच."

ते हसले नाहीत. आधी दोन गिऱ्हाइकं आली होती, असं त्यांनी सांगितलं. एकाला गाडीवरून मोहाच्या दारूचे कॅन वाहायचे होते, दुसऱ्याला इंजिन काढून पाण्याच्या पंपाला लावायचं होतं. दोघांना त्यांनी चहा पाजून परत पाठवलं होतं. मग मला विचारलं, "मोपेड काऊन नाई घेत? बाया तं मोपेड घेतात."

"नाल्याच्या वाळूत मोपेड रुतते, हमीदभाई. मी एकीची उसनी नेऊन पाह्यली."

"सायकल किती चालवते?"

"रोजची तीस किलोमीटर. कधी साठ."

"मंग अर्धी गाडी तं तुले येते," ते म्हणाले. 'तुमाले'वरून 'तुले'वर ते कधी आले ते त्यांनाही कळलं नसावं. तरी ते हो म्हणेनात. माझ्याकडे बघून गाडीकडे बघत, गाडीकडे बघून माझ्याकडे.

तेवढ्यात जुबेदाबी चहा घेऊन बाहेर आल्या. बारीक चणीच्या, दोन्ही हात कोपरापर्यंत बांगड्यांनी भरलेले. त्यांनी सगळं आतून ऐकलं होतं. कप माझ्या हातात देत नवऱ्याला म्हणाल्या, "देऊन टाका जी. गाव-गाव तं फिरन. इथी उभी राहून गंजून काय करनार हाय ते?"

सौदा त्या एका चहात झाला.

शिकले मी बाजाराच्या मैदानावर. बाजार नसलेल्या दिवशी, सकाळी उजाडता उजाडता. सलवार-कमीज घालून, ओढणी कमरेला बांधून. हमीदभाई मैदानाच्या मधोमध उभे राहायचे आणि मी त्यांच्याभोवती चकरा मारायची. त्यांना मी दिसायची ती समोरून जाताना क्षणभर. बाकी ते कानानंच बघत.

त्या गाडीची किक आणि गिअर एकाच दांडीचे. दांडी आत दाबून वर फिरवली की किक, पाडून पायाखाली घेतली की गिअर. सुरू करायच्या आधी कार्बोरेटरवरचं बारीक बटण दाबायचं, पेट्रोलचे दोन थेंब बोटावर आले की सोडायचं. मग किक. ती चुकली की दांडी अशी उलटी यायची की नडगीवर फटका. पहिल्या आठवड्यात माझी नडगी जांभळी-निळी झाली होती. एकदा मी रागानं लागोपाठ दहा-बारा किका मारल्या, गाडी ढिम्म. जुबेदाबी मैदानाच्या कडेला बसून भाजी निवडत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "सिस्टर, तिच्यावर चिडू नोको. चिडलेल्या मानसाले ते वळखते."

हमीदभाईंचं शिकवणं वेगळं होतं. "आवाज आयक. आता रडून राह्यली का नाई? मंग खालचा गिअर टाक. आता कशी गाऊन राह्यली! हा, आता वरचा." पुढे जिथं उतार लागतो तिथं ते गंभीर व्हायचे. दोन स्ट्रोकच्या गाडीला उतारावर इंजिन धरून ठेवत नाही, ती सुटते. "उतारावर हिच्यावर भरोसा नोको करू, ब्रेकवर कर. बाकी जिंदगीभर हिच्यावर भरोसा कर."

पेट्रोलमध्ये ऑइल किती घालायचं हे त्यांनी मला मापानं नाही, रंगानं शिकवलं. बाटलीत ढवळून उन्हात धरायचं, पातळ चहासारखं दिसलं पाहिजे. जास्त झालं तर प्लग काळा, कमी झालं तर इंजिन जाम. गरम सायलेन्सरचा डाग माझ्या उजव्या पोटरीवर अजून आहे. विलासनं पहिल्यांदा पाहिला तेव्हा विचारलं, हे काय? मी म्हटलं, मोटारसायकल घेतली. त्यांनी पोटरी उजेडाकडे वळवून डाग नीट पाहिला. मग म्हणाले, "लायसन लागन ना तुले? चंद्रपूरला चाल, काढून देतो." लग्नाला सहा वर्षं झाली होती. त्या दिवशी हा माणूस मला नव्यानं आवडला.

आणि मग मोह पडायला लागला.

मोहाच्या दिवसांत जंगल कसं असतं हे ज्यानं पाहिलं नाही त्याला कसं सांगावं? पळस सरत आलेला असतो. कुसुमाला लालभडक कोवळी पानं फुटलेली. मोहाखालचा पाचोळा बायांनी आधीच जाळून जमीन साफ केलेली असते, त्यामुळे झाडाखाली काळं वर्तुळ, आणि पहाटे त्या काळ्यावर पिवळसर पांढरी फुलं टपटपत असतात. फुलं कसली, रसानं भरलेले मणीच. अख्खी गावं झाडाखाली. घरांना कडी, गावात फक्त कोंबड्या. सायकलच्या दिवसांत मी गावात पोचायची आणि रिकाम्या अंगणात बसून राहायची. बाया रानात, पोरं रानात. आणि दिसल्या तरी सुईवाली बाई आली म्हणून झाडाआड.

फटफटीवरून मी पहिल्यांदा मर्दवाहीला गेले तो मंगळवार होता. गावाच्या अलीकडचा नाला चढून वर आले तर समोर काय? मोहाखालून बाया धावत येत होत्या. टोपल्या काखेत, पदर खोचलेले, पोरं कडेवर. हसत, एकमेकींना हाका मारत. मी गाडी थांबवली आणि डोक्याचा रुमाल सोडला. त्या जिथल्या तिथं उभ्या राहिल्या. चेहऱ्यांवरचं हसू असं विझलं की मलाच वाईट वाटलं.

एक म्हातारी पुढे आली. "जोहार बाई. हमीदभाई कुठी?"

त्या फटफटीच्या आवाजाला धावल्या होत्या. तीस वर्षं त्या आवाजाबरोबर गावात बांगड्या आल्या होत्या. आता आवाज तोच, आणि पेटी उघडली तर आत सुया! निम्म्या पळाल्या. ज्या राहिल्या त्यांच्या पोरांना मी टोचलं. तरी त्या दिवशी मी जेवढी पोरं टोचली तेवढी सायकलवर महिन्यात टोचली नव्हती.

संध्याकाळी जाऊन मी हे सांगितलं तेव्हा जुबेदाबी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. हमीदभाईंनी मात्र हळूच विचारलं, "वाट पाहून राह्यल्या होत्या? माझी?"

"सगळ्या. आधी तुमाले इचारलं, मग मले शिव्या दिल्या."

"मले वाटलं, आता दुसरे कितीतरी जन येत असतीन."

गाडी मी त्यांच्याच अंगणात ठेवायची; पुढच्या मंगळवारी ती घ्यायला आले तेव्हा ते स्वच्छ धुतलेला शर्ट घालून, मांडीवर बांगड्यांची पेटी घेऊन अंगणात बसले होते. मी किक मारली, ते माझ्या मागे बसले. बाजारपेठेतून आम्ही गेलो तेव्हा अहेरीनं कामधंदा सोडून आमच्याकडे पाहिलं असेल. पुढे हातात हँडल घेतलेली सिस्टर, मागे पांढऱ्या दाढीचे हमीदभाई.

त्यांनीच नियम घातला. मोहाच्या झाडाखाली एका बुंध्याशी ते पेटी उघडून बसायचे, दुसऱ्या बुंध्याशी मी. "पयले सुई, मंग बांगडी," असं ते जाहीर करायचे. बाया कुरकुरायच्या, पण यायच्या. पोरगं रडत रडत माझ्याकडून जायचं, आई हसत हसत त्यांच्यापुढे हात धरायची. मला कधी कधी वाटायचं, ही फसवणूक तर नाही? बांगडीची लालूच दाखवून सुई टोचायची? एकदा मी त्यांना विचारलंही. ते म्हणाले, "फसवायचं असतं तं सुई लपवून ठेवली असती. ते तं तू समोर मांडून बसते."

येता-जाता ते मागून बोलत राहायचे. कुठल्या गावातल्या कुणाला हिरवी आवडते, कोण नवऱ्याच्या चोरून लाखेची घेते, कुणाचं मनगट कसं. माणसं त्यांना चेहऱ्यानं कमी आणि हातानं जास्त आठवायची. एकदा वळणावर मी करकचून ब्रेक मारला आणि गाडी बंद पडली.

"काऊन थांबली?"

"अस्वल हाय," मी कुजबुजले. रस्त्याच्या कडेच्या मोहाखाली ते बसून फुलं खात होतं.

"किती लांब?"

"तुमच्या घरापासून मशीद हाय तेवढं."

त्यांनी मनात अंतर मोजलं असावं. मग अगदी शांतपणे म्हणाले, "मंग चूप बसून राहा. त्याचा बी नाश्ता चालू हाय." आम्ही श्वास रोखून बसलो. अस्वलानं फुलं संपवली, आमच्याकडे एकदा तुच्छतेनं पाहिलं आणि झाडीत निघून गेलं. हमीदभाईंनी विचारलं, "कसं होतं, मोठ्ठं?" मी सांगितलं. पूर्ण रस्ताभर ते पुन्हा पुन्हा त्याच्याबद्दल विचारत होते, आणि मी त्याला दर वेळी थोडं थोडं मोठं करत होते.

ती गाडी मी पुढे सात वर्षं चालवली. तिचं सगळं मला पाठ झालं. कुठल्या चढाला ती दम टाकते, पाऊस पडून गेल्यावर तिला किती मिनिटं मनवावं लागतं. भद्रावतीला बदली झाली तेव्हा अहेरीच्याच एका मिस्तरीनं ती मागून घेतली, आणि त्यानं ती बरीच वर्षं चालती ठेवली असं कळत होतं. पण त्या सात वर्षांतला, पहिल्याच मोहातला एक दिवस असा आहे की तो मोह पडायला लागला की वासाच्या मागोमाग येतो.

वेडमगुडा नावाचं अकरा घरांचं गाव. तिथं मैनी नावाची मुलगी होती, एकोणीस-वीस वर्षांची, पहिलटकरीण. सातवा सरून आठवा लागला होता. मी तिला एकदाही नीट तपासू शकले नव्हते. मी आले की ती रानात. तिच्या सासूचं, लच्चीबाईचं म्हणणं होतं की आमच्यात बाया अशाच बाळंत होतात, हात लावायचं काम नाही.

त्या मंगळवारी मैनी आली ती बांगड्यांसाठी. माझ्याकडे न बघता सरळ हमीदभाईंसमोर जाऊन बसली आणि हात पुढे केला. मी दुसऱ्या झाडाखाली एका पोराला टोचत होते. हमीदभाईंची बांगडी भरायची रीत मी इतक्यांदा पाहिली होती की लक्षही जात नसे. बोटांचा चंबू करून हात मळायचा, अंगठ्याखालचा उंचवटा दाबायचा आणि बांगडी सरकवायची. पण त्या दिवशी त्यांचे हात थांबले. त्यांनी एक बांगडी बाजूला ठेवली, दुसरी घेतली. तीही ठेवली. मग मान वर न करता मला हाक मारली.

"सिस्टर. इकडे ये जरा."

मी गेले.

"गेल्या दिवाळीले हिच्या हाती मी सगळ्यात लहान माप भरलं होतं. आज त्याच्यापेक्षा दोन मापं मोठी बांगडी बी जाऊन नाई राह्यली. हे अंगावर आलेलं मांस नाई. हे पानी हाय." त्यांनी तिच्या मनगटावर अंगठा दाबून उचलला. "पाय. खड्डा पडला का नाई? मले नीट दिसत नाई, पन हाताले लागते."

खड्डा पडला होता, आणि तो भरत नव्हता.

मैनी उठायला लागली. हमीदभाईंनी तिचा हात सोडला नाही, पण धरलाही नाही. नुसता आपल्या दोन्ही हातांत ठेवला. "बस पोरी. बांगडी मी देतोच. पयले बाईले पाहू दे."

त्यांच्या शब्दाखातर ती बसली. मी रक्तदाब मोजला आणि यंत्राचा पारा जिथं थांबायला नको होता तिथं थांबला. डोकं दुखतं का विचारलं, दोन दिवसांपासून म्हणाली. डोळ्यांसमोर काजवे? हो. याच्यापुढे झटके येतात. झटके आले की दोघांचाही भरवसा नाही. अहेरीच्या दवाखान्यापर्यंत बत्तीस किलोमीटर होते आणि एसटी सकाळीच निघून गेली होती.

लच्चीबाई नको म्हणाली. रागानं नाही, काकुळतीनं. मोह पडून राहिला होता, घरात वेचणारे हात दोनच, मैनीचा नवरा तेलंगणाकडे मिरची तोडायला गेलेला. आणखी आठ-दहा दिवस मोह पडणार आणि संपणार. त्याच्यावर घराचे पुढचे महिने. "मी हिच्यासंगं गेली तं मोह कोन वेचन? ढोरं खातीन."

खरं तर तिचं चुकत नव्हतं.

"मी वेचतो," हमीदभाई म्हणाले.

सगळ्या बाया त्यांच्याकडे बघायला लागल्या.

"हसा नोको. गाडीवर तीनच मानसं बसतीन. सिस्टर, हे पोरगी, आन हिले मागून धरायले सासू. मी तसाबी इथीच राह्यनार. तं बसून काय करू? तुमचं झाड दाखवा मले."

लच्चीबाईनं आपली टोपली त्यांच्यापुढे ठेवली. मग घरात गेली, एक लुगडं घेऊन आली आणि मैनीच्या खांद्यावर टाकलं. म्हणजे निघायचं.

ते बत्तीस किलोमीटर मी कसे काढले ते मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. मैनीचं कपाळ माझ्या पाठीला टेकलेलं, तापलेलं. वाळूच्या नाल्यात दोघींना उतरवून गाडी ढकलत नेली, पुन्हा बसवलं. दगड आला की लच्चीबाई मागून "हळू, हळू" म्हणायची. उतारावर मी दोन्ही ब्रेक आवळून धरले होते, हाताला मुंग्या आल्या होत्या. आणि अर्ध्या वाटेवर, नेमकी चढाला, गाडी खोकली आणि थांबली.

प्लग काळा पडला होता. मी तो गरम असतानाच काढला, बोटं भाजली, काचपेपरनं घासला, फुंकर मारली, परत बसवला. पहिली किक वाया गेली. दुसरी नडगीवर आली. मला रडू फुटणार होतं. लच्चीबाई रस्त्याच्या कडेला सुनेचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि माझ्याकडे बघत होती. गाडीवर चिडायचं नाही, हे जुबेदाबीचं ऐकायचं ठरवलं. दोन क्षण डोळे मिटले. बटण दाबलं, पेट्रोलचे थेंब बोटावर आले, आणि पाय असा टाकला जसा झोपलेल्या माणसाला हलवून उठवतात. गाडी सुरू झाली.

दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी मैनीला पाहिलं आणि मला एकच विचारलं, "कुणी पकडलं हे?" मी म्हटलं, "बांगडीवाल्यानं." त्यांना वाटलं मी थकून काहीतरी बरळतेय. इंजेक्शनं झाली, देखरेख झाली. झटका आला नाही. चौथ्या दिवशी तिला मुलगी झाली. इवलीशी, ओंजळीत मावेल अशी, पण ओरडली ती अख्ख्या दवाखान्याला ऐकू गेलं.

पण मी पुढचं आधी सांगतेय. मैनीला भरती केलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी हमीदभाईंना आणायला वेडमगुड्याला गेले. रात्रभर ते गावात लच्चीबाईच्या पडवीत झोपले होते. मी पोचले तेव्हा ऊन नुकतं झाडांतून खाली आलं होतं. मोहाखालच्या काळ्या जमिनीवर ते गुडघे टेकून बसले होते, शर्ट काजळीनं माखलेला. दोन्ही तळवे जमिनीवर पसरून हळूहळू पुढे सरकवत होते, हाताला फूल लागलं की उचलून टोपलीत टाकत होते. लच्चीबाई येईपर्यंत तिचं झाड आपण वेचू म्हणालेल्या शेजारच्या दोन बाया त्यांच्या टोपलीतला काडी-कचरा काढत हसत होत्या. टोपली काठोकाठ भरलेली होती.

माझा आवाज, म्हणजे गाडीचा, त्यांनी लांबूनच ऐकला असणार. मान वळवून विचारलं, "पोरगी?"

"ठीक हाय."

त्यांनी मान हलवली आणि पुन्हा जमिनीवर तळवा पसरला. "एवढी बाजू राह्यली हाय. ते झालं का मंग निघू." मी गाडी लावली आणि त्यांच्या शेजारी वेचायला बसले.

त्या उन्हाळ्याच्या शेवटी, पाऊस रस्ता बंद करायच्या आत, आम्ही शेवटची फेरी केली. तोवर त्यांना समोरचंही आणखी अंधुक झालं होतं. त्या फेरीत त्यांनी बांगड्या भरल्याच, पण प्रत्येक बाईचा हात जरा जास्त वेळ हातात ठेवला. मला वाटलं निरोप घेताहेत. तसं नव्हतं. ते मापं घेत होते.

पुढच्या वर्षी त्यांना काहीच दिसत नव्हतं. मोह पडायला लागला तेव्हा ते घरातच खाटेवर बसून राहायला लागले. पण मंगळवारी सकाळी मी गेले की पेटी तयार असायची. आत सुतळीनं बांधलेल्या बांगड्यांच्या जुड्या. रंग जुबेदाबीनं सांगितलेले, मापं त्यांच्या बोटांतली. "ही मर्दवाहीच्या म्हातारीची. ही त्या हसऱ्या पोरीची, तिचा अंगठा मोठा हाय, तिले जपून घालायले सांग." मी जुड्या मांडीवर घेऊन नावं लिहून घ्यायची. गावोगाव जाऊन वाटायची. पहिल्या फेरीत एकही जुडी परत आली नाही. सगळ्या मनगटांवर सरळ चढल्या.

वेडमगुड्याची जुडी मी शेवटी काढली. मैनीची. हिरवी, आणि सगळ्यात लहान मापाची. सुतळी सोडता सोडता मी थांबले, कारण तिचा हात त्यांनी शेवटचा हातात घेतला तो त्या सुजलेल्या दिवशी. शेवटच्या फेरीला ती माहेरी होती. मैनी अंगणात बसली होती, पोरगी तिच्या पाठीवर बांधलेली. तिनं हात पुढे केला. मी बोटांचा चंबू केला, अंगठ्याखाली दाबलं, आणि बांगडी सरकवली.

संध्याकाळी परत आले तर हमीदभाई अंगणात वाट बघत बसलेले.

"मैनीले बसल्या?"

"बसल्या. तुमाले कसं कळलं, हेच माप लागन म्हनून?"

"कळलं कुठी?" ते म्हणाले. "पयलेसारखंच असू दे, म्हनून बांधली."